टाच भुईला टेकत नाही तेव्हा
(देवणी इथल्या बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज टाचेवर बोलायचंय म्हटल्यावर दोघी-तिघी हसल्या. बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि अंगावरचं जाणं, असं आपणही धरून चाललोय. पण घरोघरी बोलताना मी विचारलं, ‘सकाळी उठल्यावर पहिलं काय दुखतं?’ तेव्हा चाळिशीच्या बऱ्याच जणींनी पायाकडे बोट दाखवलं. एक आक्का म्हणाल्या, ‘वाकळेवरून उठलं की टाच भुईला टेकत न्हाई. भिंत धरून चुलीपाशी जाते. धा पावलं चाललं की मोकळं होतं. सांजच्याला पुन्हा ठणका.’ घरात सांगितलं तर उत्तर मिळालं, चालल्यावर थांबतं ना, मग कसलं दुखणं?

पण या दुखण्याची खूणच ती आहे. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो. तो तळव्याची कमान धरून ठेवतो. तासन् तास उभं राहणं, डोक्यावर ओझं, वाढलेलं वजन, आखडलेली पोटरी यांनी तो टाचेपाशी दुखावतो. रात्री पाऊल सैल पडतं, पट्टा आखडतो. सकाळच्या पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो आणि कळ येते. भेगा वेगळ्या, भोवरी वेगळी.

एक्स-रेत ‘काटा वाढलाय’ म्हटलं की बाई घाबरते. काटा असूनही अजिबात न दुखणारे कितीतरी लोक असतात. काटा कापायची घाई करू नका. बहुतेकींचं दुखणं व्यायामानं आणि चपलेनं काही महिन्यांत, फार तर वर्षभरात बरं होतं. इंजेक्शननं थोडे दिवस आराम पडतो. पण तीच ती घेत राहिलं तर पट्टा तुटू शकतो, टाचेची गादी पातळ होते. या आक्कांना एका दवाखान्यात लागोपाठ तीन दिली, पैसे घेतले. व्यायाम कुणी सांगितला नाही.

आता चपलेचं. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया-सासवा अनवाणी खडी फोडायला गेल्या. कितीतरी गावांत दलित बायांना वरच्या आळीतून जाताना चप्पल हातात घ्यावी लागे. मोठ्यांसमोर सुनेनं चप्पल घालायची नाही, हेही होतंच. आजही घरात चपलांची खरेदी निघाली की बाईचा नंबर शेवटी. झिजून कागद झालेली स्लिपर घालून ती सोयाबीन काढते, घरी येऊन शहाबादी फरशीवर अनवाणी भाकरी थापते. ही चैनीची मागणी नाही, बचत गटात बिनधास्त मांडा. चप्पल मधोमध दुमडणारी नको, टाच जराशी उंच आणि मऊ हवी. स्वयंपाकघरासाठी वेगळा जोड ठेवा. तेवढं चालत नसेल तर पायाखाली पोत्याची जाड घडी घ्या.

तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकतात. शेकानं बरं वाटतं, पण साखरेचा आजार असेल, पाय बधिर असतील तर हे करू नका, भाजलेलं कळत नाही. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. माठातल्या गार पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवलेली बरी. दुखण्याची गोळी उपाशीपोटी घेऊ नका, रोजची सवय तर नकोच.

टाच सुजून लाल झाली, ताप आला, मुंग्या येतात, पडल्यानंतर पाय टेकवत नाही, रात्री झोपेतही ठणकतं, असं असेल तर डॉक्टरांकडे जा. तरुण मुलीच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी पाठही बराच वेळ आखडत असेल, तर तिलाही नेऊन दाखवा.

आता लुगड्याचं फडकं आणलंय ना? पाय पसरा. फडकं बोटांमागून घ्या, गुडघा ताठ, बोटं स्वतःकडे ओढा. तळव्याला हात लावून बघा, पट्टा दोरीसारखा ताठ लागेल. दहा अंक मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि पहिली खेप अंथरुणातच, पाऊल खाली टाकायच्या आधी. चुलीवरचा चहा तेवढा वेळ थांबेल. हां, मागच्या मावशी, गुडघा वाकवू नका. एक, दोन...