शील घेतो म्हणजे आपण काय करतो?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी पंडित नाही. साच्यावर काम करणारा माणूस. जे वाचले ते पाळी सुटल्यावर. आमच्या खात्यात धागा तुटला की साचा आपोआप थांबतो. पण म्हणून साचा शीलवान आहे, असे कोणी म्हणत नाही. का? थांबायचे त्याने ठरवलेले नसते.

१९३६ साली बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिले. ते संमेलनच रद्द झाले, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. त्यात नियम आणि तत्त्व यांतला फरक सांगितला आहे. नियम सांगतो, अमुक कर. तत्त्व आपल्याला पारखायला लावते. नुसता हुकूम पाळला तर जबाबदारी उरतच नाही. भगवंतांनीही चेतनेला, म्हणजे मनातल्या हेतूला, कर्म म्हटले आहे.

केसपुत्त गावी कालामांना भगवंतांनी सांगितले की परंपरा, ग्रंथ, गुरूचा मान यांवर विसंबू नका. हे आपण प्रत्येक सभेत सांगतो. पण त्याच यादीत नुसता तर्कही आहे, ते मात्र सांगत नाही! लोभ, द्वेष, मोह यांच्या नादाने माणूस कसा वागतो, त्यातून हित होते की अहित, ते स्वतः पाहा, असे भगवंत म्हणतात.

मला हे फार उशिरा कळले. पौर्णिमेला हात जोडून पाचवे शील घ्यायचो आणि पगाराच्या दिवशी गुत्त्यावर जायचो. तर्क माझ्याकडे भरपूर. अंग दुखते, सगळेच घेतात, पैसे माझेच आहेत. वादात मला कोणी हरवत नसे, बायको तर नाहीच. एकदा मुलीने वंदनेच्या पुस्तकातला अर्थ मोठ्याने वाचला. 'समादियामि' म्हणजे मी ग्रहण करतो. शब्द पाठ होता, अर्थ कधी पाहिला नव्हता. मला वाटे, शील भन्तेजी देतात. देतात हे खरे, पण घ्यायचे कोणी?

त्या दिवशी दारू सुटली असे मुळीच नाही. पुढे दोन वर्षे गेली. दोनदा सुटली, दोनदा लागली. बुद्धीला पटले होते, पाय ऐकत नव्हते. मग पगार बायकोच्या हाती देऊ लागलो आणि त्या संध्याकाळी विहारात येऊन झाडू मारू लागलो. ज्यांनी तेव्हा काही न विचारता माझ्या शेजारी दुसरा झाडू घेतला, ते उपासक आज समोर बसले आहेत.

नमो बुद्धाय! जय भीम!