रद्दीत गेलेला वेताळ

तिकोणा पेठेतून बोलतोय, मागे कोंबडा आरवला तर सांभाळून घ्या.

बाबांकडे इंद्रजाल कॉमिक्सचा मराठी अंकांचा गठ्ठा होता. टाइम्सवाल्यांची ही मालिका १९६४ ला सुरू झाली, १९९० ला थांबली. फँटमला त्यात वेताळ म्हणायचे. घर बांधताना गठ्ठा रद्दीत गेला.

बाबांच्या साठीला मी एका साइटवरून वेताळचा एक अंक मागवला, अठराशे रुपयांना. ही साइट स्वतःचा माल विकत नाही. मालक आपला अंक तिच्याकडे ठेवतो, ते फोटो टाकतात, विकला गेला की कमिशन कापून उरलेले पैसे मालकाला. मला वाटलं, मधे कंपनी आहे म्हणजे तपासणी झालीच असणार. कसलं काय!

बाबांनी अंक चाळला. "अरे, मधली चार पानं कुठायत?"

पिना मारलेल्या अंकात मधला कागद आधी सुटतो. तो एक गेला की चार पानं गेली. तक्रार केली, तर उत्तर आलं, 'आहे त्या स्थितीत विकलाय.' अटींमध्ये होतंच ते. रोज दुसऱ्यांचा कोड तपासणारा मी, अटी न वाचता ओके दाबलं होतं.

तर पैसे भरण्याआधी पिनांचा आणि मधल्या पानाचा फोटो मागा. पानं मोजून लेखी कळवायला सांगा. टाळाटाळ झाली, तर सोडून द्या.

बाबा मात्र खूश आहेत. पुतणीला अंक वाचून दाखवतात, ती चार पानं आली की तोंडी सांगतात. दर वेळी वेताळ वेगळाच चोर पकडतो.