ऑपरेशननंतरची पहिली रात्र

आमच्या चिंगीचं गर्भाशय काढलं, त्या रात्री मी कोड नाही, लेंड्या मोजत बसलो होतो. हसू नका. सशाला उलटी होत नाही, म्हणून ऑपरेशनआधी त्याला उपाशी ठेवत नाहीत. आणि नंतर १२ तास खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, तर आतड्यांचं काम बंद पडून जिवावर बेततं. सकाळची वाट बघू नका, डॉक्टरांना फोन करा. दुखत असलं की ससा खात नाही, त्यामुळे पेनकिलर त्यांच्याकडून मागूनच घ्या. घरातली गोळी अजिबात नको. पिंजऱ्याचा वरचा मजला मी काढला, उड्या नकोत म्हणून. खाली जुना टॉवेल. भुसा टाक्यांना चिकटतो. पहाटे चारला तिने कोथिंबिरीची काडी ओढली. पाचला तीन लेंड्या, बारीकशा. बायकोला उठवून दाखवल्या.