झांकीच्या रात्री कोणता सेन्सर?

गणेश विसर्जनाच्या झांक्या, म्हणजे चालते देखावे, सदर बाजारातून कंकालीपाऱ्याकडे निघाल्या की आपला ब्राह्मणपारा घरात थांबत नाही. कुणाच्या गळ्यात कॅमेरा, कुणाच्या हातात फोन. आणि दुसऱ्या दिवशी वाद ठरलेला: दोघांचेही 12 मेगापिक्सेल, मग माझ्याच फोटोत दाणे का?

मेगापिक्सेल म्हणजे सेन्सरचे घर किती खणी, एवढंच. घर केवढं, ते वेगळं विचारावं लागतं. फुल-फ्रेम सेन्सर 36 गुणिले 24 मिलिमीटरचा. खिशातल्या साध्या कॅमेऱ्याचा जेमतेम 6 गुणिले साडेचार. क्षेत्रफळात 30 पट फरक! प्रकाश कणाकणाने येतो, मोठ्या सेन्सरवर ते कण जास्त पडतात, आणि मोजणीत चढउतार होतोच. 100 कण यायचे तिथे साधारण 10 इकडेतिकडे, म्हणजे दहा टक्के. 10,000 कणांत 100, म्हणजे एकच टक्का. अंधारात दिसणारे दाणे बरेचसे हेच. हा निसर्गाचाच हिशेब. कुठलाही कारखाना तो मोडू शकत नाही.

जाहिरातीतला ‘एक इंची’ सेन्सरही प्रत्यक्षात 13.2 गुणिले 8.8 मिलिमीटरचाच असतो. इंच आला जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून. ती नळी कधीच गेली, इंच मात्र राहिला. विकणाऱ्यांच्या सोयीचंच आहे ते!

आता सेन्सरच्या आत पाहू. बॉइल आणि स्मिथ या शास्त्रज्ञांनी 1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये सीसीडी हा सेन्सरचा प्रकार शोधला. त्यासाठी 2009 चं नोबेल मिळालं. त्यात विद्युतभार ओळीओळीने सरकत बाहेर येतो. आजच्या सीमॉस प्रकारात प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर. वीज कमी लागते, म्हणून फोनमध्ये तोच. पण बहुतेक सीमॉस सेन्सर एकेक ओळ वाचत खाली येतात, आणि झांकीवरचे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. फोटोत आडवे काळे पट्टे उमटतात ते त्यामुळे. शटर 1/100 किंवा 1/50 सेकंदावर ठेवा, पट्टे बहुधा जातील. मात्र झांकीतल्या हलत्या राक्षसाची गदा थोडी पुसट येईल. तेवढं चालवून घ्यायचं.

मग सगळ्यांनी फुल-फ्रेमच घ्यावा का? मी तरी सांगणार नाही. बुढा तालाबावर भर दुपारी काढलेल्या फोटोत फोनही कमी पडत नाही. शिवाय मोठ्या सेन्सरला लेन्सही मोठी लागते, आणि सदर बाजारातल्या त्या रेटारेटीत ती रात्रभर खांद्यावर वागवायची. माझी पसंती मधल्या एपीएस-सीला, सुमारे 23.5 गुणिले 15.6 मिलिमीटर. उरलेले पैसे जास्त उघडणाऱ्या, एफ 1.8 च्या लेन्समध्ये घाला.