संघटित प्रवास



‘समूहाच्या सहली आणि प्रवासकंपन्या’ हा विषय आमच्या नावापुढे छापलेला पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्यांचा उभा जन्म पगारवाढ, बोनस आणि बडतर्फी यांवर बोलण्यात गेला, त्यांना सहलीची चैन कोठून सुचली? चालकांनी हा विषय आमच्यावर लादलेला नाही, तो आम्हीच मागून घेतला आहे. कामगाराचा पगार जसा त्याचा, तशी रजाही त्याचीच. मग पगार कापला गेला तर आपण जसे जागे होतो, तसे रजेसाठी साठवलेले पैसे बुडू लागले तरी जागे व्हायला नको काय?

विश्रांती ही चैन आहे असे म्हणणाऱ्याला निदान तुळजापुरात तरी उत्तर शोधावे लागत नाही. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की आई भवानी पौर्णिमेपर्यंत पलंगावर निद्रा घेते आणि त्या निद्रेला आपल्या परंपरेने नाव दिले आहे श्रमनिद्रा. जगन्मातेच्या श्रमालाही जेथे विश्रांतीचा हक्क मान्य झाला आहे, तेथे चरकावर उभ्या राहणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या माणसाच्या श्रमाला तो का नसावा? हा हक्क कोणी दान म्हणून दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, तेव्हा १८९० साली रविवारची सुटी मिळाली. पगारी रजेसाठी आणखी अर्धशतकाहून अधिक काळ गेला. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा ठरवून दिली. रजा मिळाली, पण ती घालवायची कोठे आणि कशी, हे शिकवायला कोणी आले नाही. पुष्कळांची रजा लग्ने, दुखणी आणि कोर्टाच्या तारखा यांतच संपून जाते.

प्रवासकंपनी ही संस्था श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जन्माला आली, असा आपला समज असतो. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या जुन्या पुस्तकांवर झाले. त्यात आम्हांला निराळी हकीगत वाचायला मिळाली. टॉमस कुक हा इंग्लंडमधला एक लाकूडकाम करणारा माणूस. दारूबंदीच्या चळवळीचा तो कार्यकर्ता होता. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरोला सभेसाठी एक खास आगगाडी ठरवली. सुमारे पाचशे माणसे, जाऊन-येऊन दर माणशी एक शिलिंग. एकट्याला जे भाडे परवडले नसते, ते पाचशे जणांना एकत्र मिळाले. पुढे १८५१ साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा इंग्लंडच्या कारखान्यांतील कामगारांनी मंडळे काढली, आठवड्याला थोडे थोडे पैसे जमा केले आणि कुकच्या गाड्यांनी प्रदर्शन पाहिले. त्या वर्षी त्याने सुमारे दीड लाख माणसे लंडनला नेली असे सांगतात. आपल्याकडच्या बायकांचा बचत गट महिन्याला शंभर-दोनशे बाजूला टाकून सहल काढतो, तो याच वाटेने चाललेला असतो.

पण आपल्याला हे शिकायला विलायतेलाही जाण्याचे कारण नाही. वारीची दिंडी पाहा. दिंडीत भिशी असते, दर माणशी ठरलेली रक्कम असते, शिधा, तंबू आणि सामानाचा ट्रक असतो, मुक्कामाची गावे ठरलेली असतात. कोजागरीच्या पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला पायी येणारी माणसे पाहा, त्यांतही गल्लीगल्लीचे जथे असतात. महाराष्ट्रात व्यवसाय म्हणून ही कला ज्यांनी वाढवली, त्यांत केसरी पाटील यांचे नाव ठळक आहे. पेशाने शिक्षक असलेल्या या गृहस्थांनी १९८४ साली आपली कंपनी काढली. परदेशात मराठी बोलणारा सोबती आणि ओळखीचे जेवण मिळाले, तर ज्याने जिल्ह्याबाहेर पाऊल टाकले नाही तोही विमानात बसायला तयार होतो, हे या मराठी कंपन्यांनी बरोबर ओळखले.

आता मुद्द्यावर येतो. तुळजापूरकरांनो, प्रवासी कसा सांभाळावा हे तुम्हांला आम्ही काय सांगावे? लातूरचा, सोलापूरचा, कर्नाटकाचा भक्त पिढ्यानपिढ्या आपल्या ठरलेल्या पुजाऱ्याकडे उतरतो. राहणे, अंघोळ, पूजा, नैवेद्य आणि नडीला दोन पैसे उसने हे सारे त्या एका घरी होते. हा व्यवहार कोणत्या छापील करारावर चालत आला? पुढच्या वर्षी पुन्हा तोंड दाखवायचे आहे, या एका जाणिवेवर. यजमानाचा मुलगाही येथेच येणार, नातूही येथेच येणार. त्याला आज फसवले तर तीन पिढ्यांचे येणे तुटेल.

शहरातल्या प्रवासकंपनीपुढे जेव्हा एकटा माणूस पैसे घेऊन उभा राहतो, तेव्हा नेमकी हीच गोष्ट नसते. तो आयुष्यात एकदा काश्मीरला जाणार. तो रुसला तर कंपनीचे काय बिघडते? मालकापुढे एकटा कामगार उभा राहावा तशी त्याची स्थिती असते. परंतु समूह दरवर्षी जातो, समूहाला स्मरण असते, समूहाच्या वहीत कंपनीचे नाव चांगले किंवा वाईट म्हणून कायमचे लिहिले जाते. एकट्याला कंपनी विसरू शकते, समूहाला विसरणे तिला परवडत नाही. समूहाने गेल्यावर भाडे कमी पडते हा लहान फायदा आहे. आपल्याला पुन्हा तोंड दाखवावे लागेल असे समोरच्याला वाटते, हा मोठा फायदा आहे.

आमचा अनुभव सांगतो. काही वर्षांमागे आमच्या युनियनच्या ४६ निवृत्त माणसांनी दक्षिणेची सहल ठरवली. त्यांत विड्या वळणाऱ्या बायकाही होत्या आणि एका बाईंनी तर त्यासाठी तीन वर्षे पैसे साठवले होते. कंपनीचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. तिच्या छापील पत्रकात ‘समुद्राजवळ उत्तम निवास’ असे लिहिले होते. आमच्या समितीने विचारले, जवळ म्हणजे किती? हॉटेलचे नाव काय? एका खोलीत माणसे किती? उत्तरे लेखी घेतली आणि ठरवले की एक तृतीयांश रक्कम आरंभी, एक तृतीयांश निघताना आणि उरलेली सहलीच्या मध्यावर द्यायची. चौथ्या रात्री गाडी थांबली ती समुद्रापासून चौदा किलोमीटरवर, एका मंगल कार्यालयाच्या दालनात. बायका-पुरुषांना सतरंज्या दिल्या. आरडाओरडा कोणी केला नाही. आमच्या चिटणिसांनी फोन केला, कागद वाचून दाखवला आणि उरलेल्या हप्त्याची आठवण दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिहिलेल्या हॉटेलातल्या लिहिलेल्या खोल्या मिळाल्या. सगळे पैसे आधीच गेले असते तर तो फोन उचलला गेला असता काय?

म्हणून प्रवासकंपनीशी बोलणी करावयाची ती पगाराच्या करारासारखी करावी. समूहाने तीन माणसे निवडावीत. त्यांत हिशेब कळणारे एक असावे आणि एक तरी स्त्री असावी, कारण मोऱ्या-संडासाची चौकशी पुरुष करीत नाहीत. निदान तीन ठिकाणांहून दर मागवावेत आणि ते सारख्या मापाने मोजावेत. सांगितलेला आकडा कर धरून आहे की सोडून? जेवणे किती? देवळांची, किल्ल्यांची तिकिटे कोणाकडे? परदेशचा प्रवास असेल तर व्हिसा आणि विमा त्यात आहे काय? कोणी आजारी पडले किंवा घरात दुःखद प्रसंग झाला, तर कोणत्या तारखेपर्यंत किती पैसे परत? वीस माणसे गळाली तर उरलेल्यांचा दर वाढेल काय? हे सारे कागदावर यावे. पैसे बँकेतून कंपनीच्या नावे द्यावेत, कोणा ‘साहेबांच्या’ हाती रोख देऊ नयेत. जवळची सहल असेल तर कंपनी हवीच असेही नाही. आपल्या एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर मिळते, ती घ्यावी आणि मुक्काम आपणच ठरवावेत.

येथे एक नाजूक गोष्ट बोलून टाकतो. पुष्कळ कंपन्या पंधरा-वीस माणसांमागे एक जागा फुकट देतात. ती बहुधा माणसे जमवणाऱ्या पुढाऱ्याला मिळते आणि त्याचा कोणाला पत्ताही नसतो. ज्याने फुकटची जागा घेतली, तो रात्री अकरा वाजता कंपनीशी भांडेल काय? त्या जागेची किंमत सर्वांच्या दरातून वजा व्हावी, किंवा ज्याला खरोखर परवडत नाही अशा सभासदाला सर्वांच्या संमतीने ती द्यावी. आमच्या चळवळीत पुढारी बिघडतो तो याच फुकटच्या जागेवर बसून.

जुने नाव म्हणजे सुरक्षितता असेही मानू नये. ज्या टॉमस कुकची गोष्ट आम्ही सांगितली, त्याच्या नावाने चालणारी इंग्लंडमधील कंपनी १७८ वर्षांनंतर सप्टेंबर २०१९ मध्ये एका रात्रीत कोसळली. भारतातील त्याच नावाची कंपनी वेगळ्या मालकीची असल्याने ती चालू राहिली. परदेशी अडकलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना तेथील सरकारने परत आणले. विमानप्रवासाच्या सहलीसाठी दिलेल्या पैशाला संरक्षण देणारी योजना तेथे १९७३ पासून आहे. आपल्याकडे आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायद्याचा. आधी १९८६ चा होता, आता २०१९ चा आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे फी नाही. पण आयोगापुढे बोलतो तो कागद, हे लक्षात ठेवावे.

अलीकडे क्रूझची, म्हणजे आगबोटीच्या सहलीची हौसही आपल्या भागात आली आहे. आगबोट मराठी कामगाराला नवी नव्हे. कोकणातला गिरणी कामगार शिमग्या-गणपतीला मुंबईहून बोटीनेच गावी जात असे. बोटीच्या प्रवासाने काय घडू शकते हेही त्याला ठाऊक होते. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. आताच्या बोटी म्हणजे तरंगती हॉटेले. २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीच्या बोटीने मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सहली निघू लागल्या. अशा सहलीचा जाहिरातीतला दर बहुधा एका केबिनमध्ये दोघे धरून, आतल्या बिनखिडकीच्या केबिनचा असतो. एकट्याला जास्त पडते. बंदराचे शुल्क, सेवकांची बक्षिसी, पेये आणि किनाऱ्यावर उतरून करायची भटकंती यांचे पैसे निराळे लागतात काय, हे आधी विचारावे. लक्षद्वीपला जायचे तर आपल्या देशाच्या नागरिकालाही प्रवेशाचा परवाना लागतो, तो कोण काढणार हेही विचारावे. बोट कोणासाठी थांबत नाही. येथून सोलापूरला जायचे, तेथून रात्रीची गाडी धरायची आणि सकाळी थेट धक्का गाठायचा असा बेत आखू नये, एक दिवस हाताशी ठेवावा.

आणि शेवटचा प्रश्न आमच्या धंद्याचा. आपली रजा दुसऱ्या कोणाच्या जागरणावर तर उभी नाही ना? रात्रभर गाडी हाकून सकाळी दर्शन, दिवसभर फिरणे आणि पुन्हा रात्री प्रवास असा कार्यक्रम पुष्कळ पत्रकांत असतो. त्यात ड्रायव्हर झोपतो केव्हा? मोटार कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. पुढे कायदे गेले आणि संहिता आल्या, पण डोळ्यावरची झोप काही बदलली नाही. बोटीवरच्या कामगारासाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती हा त्याचा दंडक आहे. भारताने तो २०१५ साली मान्य केला. कंपनीला विचारा की लांबच्या मजलेला ड्रायव्हर दोन आहेत काय, आणि तो झोपणार कोठे. हा प्रश्न दयेपोटी विचारू नका, आपल्याच जिवासाठी विचारा. नवरात्रात येथली हॉटेले, रिक्षा, प्रसादाची दुकाने रात्रंदिवस चालतात. त्या पोरांना सुटी कोण देतो, हा प्रश्नही मग आपोआप मनात येईल.

आमची सूचना साधी आहे. लाखो माणसे ज्या गावाकडे येतात, त्या गावाच्या माणसांनीही कधी तरी बाहेर पडावे. शिक्षक, एस.टी.चे कर्मचारी, दुकानांतले नोकर, बचत गटाच्या भगिनी यांनी मिळून एक प्रवासमंडळ काढावे. दरमहा वर्गणी जमा करावी आणि एक वही ठेवावी. त्या वहीत प्रत्येक सहलीनंतर कंपनीने काय लिहून दिले आणि काय केले, हे समोरासमोर मांडावे. पाच वर्षांत ती वही कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाची होईल आणि कंपन्या आपण होऊन तिची चौकशी करीत येतील.