तबकडीचे दुकान

गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ साली पुण्यास निवर्तले. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या त्यांनी पचविली होती. १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली होती. ‘संगीत स्वयंवर’ नाटकाच्या चाली त्यांच्याच. त्यांचे गाणे ज्यांनी ऐकले त्यांनी त्याविषयी भरभरून लिहून ठेवले आहे. परंतु तो गळा आज ऐकू म्हटले तर ऐकता येत नाही, कारण त्यांच्या गायनाची तबकडी उपलब्ध नाही. उलटपक्षी, त्यांचे शिष्य नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, हे मात्र त्यांच्या निधनाला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला तरी घरोघर गात आहेत. गुरूने बांधलेली चाल शिष्याच्या गळ्यातून तेवढी शिल्लक राहिली.

एकाची कला त्याच्याबरोबर गेली व दुसऱ्याची राहिली, यात थोरवीचा प्रश्न मुळीच नाही. चार साध्या गोष्टी घडाव्या लागतात. गाणे मुद्रित व्हावे लागते. त्याची तबकडी दुकानात यावी लागते. कोणीतरी ती ऐकून, पैसे मोजून घरी न्यावी लागते. आणि पुढच्या पिढीने ती अडगळ म्हणून बाहेर काढू नये लागते. यांपैकी पहिल्या गोष्टीचे श्रेय कंपनीला पुष्कळ मिळाले. मधल्या दोन गोष्टी ज्या जागी घडल्या त्या दुकानाचा विचार सहसा कोणी करीत नाही, आणि चौथीचा तर नाहीच नाही.

हिंदुस्थानातील तबकडीच्या व्यापाराचा आरंभ १९०२ सालचा. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग त्या वर्षाच्या अखेरीस कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गायन मेणाच्या थाळीवर उतरवून घेतले. त्या थाळ्या जर्मनीत हॅनोव्हरला जावयाच्या, तेथे तबकड्या छापून निघावयाच्या व जहाजाने परत यावयाच्या. हॅनोव्हरच्या कामगारांना कोण गात आहे हे कळावे कसे? म्हणून गाणे संपताच गायकाने स्वतःचे नाव मोठ्याने सांगावयाचे, अशी चाल पडली. जुन्या तबकडीच्या शेवटी गौहरजान इंग्रजीत आपले नाव सांगतात, त्यात कित्येकांना मिजास दिसते. वस्तुतः ती मालावरची चिठ्ठी होती. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला आणि हा प्रवास टळला.

मुंबईही मागे नव्हती. टी. एस. रामचंद्र आणि बंधू या पेढीने विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ‘रामाग्राफ’ नावाच्या तबकड्या काढल्या. पुढे १९३५ च्या सुमारास नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनीच्या ‘यंग इंडिया’ तबकड्या मुंबईतून निघू लागल्या. मोठ्या कंपनीच्या दारात ज्यांना जागा मिळाली नसती अशा कितीतरी गळ्यांना त्यांनी जागा दिली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस साडेतीन मिनिटांहून फारसे काही मावत नसे. तासभर राग आळविणाऱ्या गवयाला हा जाच वाटला असल्यास नवल नाही. तथापि अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्याच वेळात जे मांडले ते ऐकले म्हणजे जागा अपुरी होती असे म्हणवत नाही.

आता दुकानाकडे वळू. तबकडीचे दुकान हे इतर दुकानांसारखे नव्हते. कापड बोटांनी चाचपून घेतात, धान्य तळहातावर घेऊन पाहतात. तबकडी मात्र वाजविल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. त्यामुळे विक्रेत्याला आधी ऐकवावे लागे. गिऱ्हाईक एक मागावयास येई, दुकानदार ती लावी, आणि ‘हिच्या मागची बाजूही एकदा ऐकाच’ असे म्हणून सुई बदली. ज्यांच्या घरी गाणे शिकण्याची सोय नव्हती, ज्यांना बैठकीचे आमंत्रण मिळण्यासारखे नव्हते, स्त्रियांना तर पुष्कळदा मैफलीत बसणेच शक्य नव्हते, त्या सर्वांच्या कानावर चांगले गाणे प्रथम पडले ते अशाच एखाद्या पेढीच्या पायरीवर किंवा तेथून घरी आणलेल्या तबकडीवर. हिराबाई बडोदेकरांचे स्वर ज्या माजघरांत पोचले तेथे त्यांना प्रत्यक्ष बोलावण्याची ऐपत कितीजणांची होती?

मुंबईत काळा घोडा येथे, जहांगीर कलादालनासमोर, ‘ऱ्हिदम हाउस’ नावाचे दुकान होते. १९४० नंतरच्या दशकात ते निघाले. तेथे ऐकण्यासाठी लहान खोल्या केलेल्या होत्या. आवडीची तबकडी घेऊन आत जावे आणि स्वस्थपणे ऐकावे. तबकडी गेली, कॅसेट आली, कॅसेट गेली, सीडी आली. प्रत्येक बदलाबरोबर त्या दुकानाने आपली फडताळे बदलली. पण गाणे जेव्हा तारेवाचून, वस्तूवाचून, थेट खिशातल्या फोनात येऊ लागले तेव्हा फडताळात ठेवावयास काही उरले नाही. २०१६ साली ते बंद झाले. पुढे ती जागा एका हिरे-व्यापाऱ्याच्या कर्जप्रकरणात जप्त होऊन लिलावात गेली, हा मुंबईच्या जागांचा इतिहास आहे, संगीताचा नव्हे.

परदेशांतील नामांकित दुकानांची कथा याच सुराची आहे. वेल्समधील कार्डिफ शहरात ‘स्पिलर्स’ नावाचे दुकान १८९४ पासून चालू आहे. जगातले सर्वांत जुने तबकड्यांचे दुकान म्हणून त्याचा लौकिक आहे. आरंभी ते फोनोग्राफ व त्याच्या नळ्या विकीत असे. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एचएमव्हीने १९२१ साली जे दुकान उघडले त्याचे उद्घाटन प्रख्यात संगीतरचनाकार सर एडवर्ड एल्गार यांच्या हस्ते झाले. ते २०१९ साली बंद पडले आणि २०२३ साली त्याच जागी पुन्हा उघडले. अमेरिकेत रस सॉलोमन यांनी १९६० साली सॅक्रामेंटो येथे ‘टॉवर रेकॉर्ड्स’ सुरू केले. देशोदेशी त्याच्या शाखा निघाल्या. २००६ साली अमेरिकेतील सर्व दुकाने दिवाळ्यात गेली. जपानची शाखा तेवढी वेगळी झाली होती म्हणून टोकियोत शिबुया येथील तिची बहुमजली इमारत आजही गजबजलेली असते. कॅलिफोर्नियात १९९० साली बर्कली येथे निघालेले ‘अमीबा’ मात्र तगले, आणि त्याचे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे: ते नव्याबरोबर जुन्या तबकड्याही विकत घेते व विकते. ज्या दुकानात केवळ कंपनीकडून आलेला माल आहे ते कंपनीबरोबर बुडते. ज्या दुकानात गिऱ्हाइकाच्या घरचा माल परत येतो, तेथे दुकानदाराला माल ओळखावा लागतो, आणि ती ओळख सहजासहजी बुडत नाही.

तबकडीला पुन्हा दिवस आले आहेत हेही खरे. अमेरिकेत २०२० साली तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीच्या उत्पन्नाहून अधिक झाले. असे १९८६ नंतर प्रथमच घडले. आपल्याकडे तबकड्या छापण्याचे काम बंद पडून दशके लोटली होती. २०२४ साली नवी मुंबईत पुन्हा तसा कारखाना निघाला. मुंबईत माहीमसारख्या ठिकाणी तरुण मंडळी नव्या तबकड्यांची दुकाने चालवीत आहेत. पण नव्या दुकानात मिळते ते पुन्हा छापलेले, म्हणजे ज्याचा मूळ साचा किंवा फीत कोणाजवळ तरी आहे ते. जुन्या मराठी तबकड्यांपैकी कितीतरींचे मूळ साचे आता नाहीत. त्यांच्या बाबतीत घराघरांतून फिरलेली, ओरखडे पडलेली प्रत हीच मूळ प्रत होय. ती प्रत नव्या दुकानात येत नाही. ती येते मुंबईच्या मटन स्ट्रीटवर, जेथे शुक्रवारी पहाटे पदपथावर जुन्या वस्तू मांडल्या जातात. आणि पुण्यात मंगळवार पेठेजवळ बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, जेथे पाने, पक्कड, पितळी कड्या यांच्या शेजारी एखादा तबकड्यांचा गठ्ठा दोरीने बांधून ठेवलेला असतो.

हा गठ्ठा तेथे कोठून येतो? पुण्याच्या वाड्यांतून तर येतोच. परंतु पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा जो कारखान्यांचा पट्टा आहे त्याकडेही संग्राहकांनी लक्ष द्यावे असे वाटते. या भागाला यंत्रांचे गाव समजून गाण्याच्या बाबतीत सोडून देण्याची रीत आहे. पण वस्ती कशी झाली ते पाहावे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे पिंपरीत वसली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली. पुढल्या दशकात टेल्को आली, आकुर्डीस बजाजचा कारखाना आला. सातारा, कोल्हापूर, मराठवाडा, केरळ, पंजाब, कोठकोठून माणसे नोकरीसाठी आली आणि स्थिर पगाराची घरे झाली. अशा घरांत रेडिओनंतर कोठे कोठे एचएमव्हीचा ‘फिएस्टा’ नावाचा पेटीवजा रेकॉर्ड प्लेअर आला, आणि त्याच्याबरोबर ज्याच्या त्याच्या मुलखाचे गाणे आले. नाट्यपदे, भावगीते आणि लोकनाट्यातील लावण्या. शेजारी मल्याळी चित्रपटगीते, पलीकडे सिंधी भजने. एका मजल्यावर तीन भाषांच्या तबकड्या असलेली ती वसाहत होती.

आता ती बैठी घरे व जुन्या इमारती पडत आहेत व त्या जागी उंच इमारती उभ्या राहात आहेत. मुले दूरदेशी आहेत. नव्या सदनिकेत माळा नाही, आणि माळ्यावरची पेटी पहिल्याच दिवशी भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते. चिखलीजवळ कुदळवाडी येथे भंगाराची फार मोठी गोदामे होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने ती अनधिकृत म्हणून पाडली. गोदामे असोत वा नसोत, भंगाराच्या तराजूवर लोखंडाला भाव आहे, तांब्याला आहे, रद्दीलाही आहे, तबकडीला नाही. ती वाटेत फुटली तर कोणाचे नुकसान झाले असे कोणास वाटत नाही.

म्हणून पेटी बाहेर काढण्यापूर्वी काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी जुनी तबकडी बहुतेक लाखेची असते. पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडा जी लाख करतो तीच ही. छोटा नागपूरच्या जंगलातली लाख साऱ्या जगाच्या तबकड्यांत गेलेली आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पुष्कळ उत्साही मंडळी बुरशी पुसावयास स्पिरिट घेतात आणि बुरशीबरोबर गाणेही पुसून टाकतात. अशी तबकडी साध्या पाण्याने, मधला कागद भिजू न देता, मऊ फडक्याने पुसावी व सावलीत सुकवावी. १९४८ नंतर निघालेली व्हायनिलची तबकडी फुटत नाही, पण उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवल्यास वाकते. दोन्ही जाती उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्यास खालच्या तबकड्या भाराने तडकतात. लाखेच्या तबकडीची खोबण रुंद असते, तिला जाड सुई लागते, व्हायनिलला बारीक. आजोबांच्या भोंग्याच्या यंत्रावर पोलादी सुईने व्हायनिलची तबकडी वाजविणे म्हणजे नांगराने रांगोळी काढणे होय, आणि एकदा तसे झाले की ती सुधारत नाही.

पेटी द्यावयाचीच असेल तर कोणाला द्यावी? १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही तबकडीसंग्राहकांची संस्था स्थापन झाली. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचे नियतकालिक. कोणत्या कंपनीने कोणत्या क्रमांकावर कोणाचे काय काढले याच्या याद्या तिने छापल्या, आणि त्या कामात सुरेश चांदवणकरांनी केलेले परिश्रम मोठे आहेत. व्यवसायाने शास्त्रज्ञ असलेल्या या गृहस्थांनी मराठी तबकड्यांचा इतिहास अक्षरशः एकेक तबकडी गोळा करून जुळविला. विद्यापीठांनी हे काम हाती घ्यावयास हवे होते. ते घेतले हौशी माणसांनी, आणि त्यांचा कच्चा माल आला तो या बाजारांतूनच.

स्वतः जाऊन पाहावयाचे असेल तर पट्ट्यातील लोकांना एक लहानशी अडचण आहे. येथील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि जुना बाजार बुधवारी व रविवारी भरतो. तेव्हा कामगाराला रजा काढावी लागते. निवृत्तांना ती अडचण नाही, आणि पिंपरीहून आता मेट्रोही आहे. बाजारात उन्हाच्या आधी पोचावे. तबकडी डोळ्यांजवळ तिरपी धरून पाहावी: करडा पडलेला पट्टा दिसला तर ती फार वाजलेली आहे, चकाकी असेल तर धुळीला भिऊ नये. मधला छापील कागद पुष्कळदा गेलेला असतो व गायकाचे नाव वाचता येत नाही. त्याने निराश होण्याचे कारण नाही. कागदालगत जो गुळगुळीत कड्याचा भाग असतो तेथे बारीक अक्षरांत एक क्रमांक कोरलेला असतो. तो कागदावर उतरवून घ्यावा, संग्राहकांच्या यादीशी ताडून पाहावा, आणि नाव सापडेपर्यंत तबकडी फेकू नये.