शेतकरी दांपत्य आणि पंधरवड्याचे पथ्य

ग्रामीण महाराष्ट्रात अलीकडे आहारनियमनाचे जे प्रयोग होऊ लागले आहेत, त्यांत दिवसातून दोनच वेळा जेवण्याच्या पद्धतीची चर्चा सर्वांत अधिक झाली. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी आपल्या व्याख्यानांतून मांडलेली आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ठिकठिकाणच्या भाषणांतून लोकप्रिय केलेली ही पद्धत असे सांगते की, खरी भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखून तेव्हाच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटोपावे आणि मधल्या काळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा यांपलीकडे काही घेऊ नये. रक्तातील साखर पेशींपर्यंत पोहोचविणारे आणि जादा ऊर्जेचा चरबीच्या रूपाने साठा करण्यास साहाय्य करणारे इन्शुलिन हे संप्रेरक प्रत्येक खाण्यामागे स्रवते, म्हणून खाण्याच्या खेपा कमी कराव्यात, हा तिच्यामागील तर्क आहे. व्रताचा संकल्प सोडावा त्याप्रमाणे नवरा-बायको मिळून पंधरा दिवस किंवा महिनाभर ही पद्धत पाळून पाहतात, आणि येथेच एक प्रश्न उभा राहतो: शेतात राबणाऱ्या या दोघांना एकच पथ्य लागू पडते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आधी कष्टाकडे पाहावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरविलेल्या प्रमाणानुसार मध्यम श्रम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,७१० आणि अतिश्रम करणाऱ्याला सुमारे ३,४७० उष्मांक लागतात. स्त्रीच्या बाबतीत हे आकडे अनुक्रमे २,१३० आणि २,७२० असे आहेत. उष्मांक म्हणजे अन्नातून मिळणारी ऊर्जा मोजण्याचे एकक, आणि सत्तर ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी साधारण सव्वादोनशे उष्मांक देते, हे लक्षात घेतले तर पुरुषाच्या अतिश्रमातील आणि मध्यम श्रमातील अंतर तीन भाकरींहून अधिक भरते. नांगरणी, मोगडणी, मळणी ही पुरुषाची अंगमेहनतीची कामे ट्रॅक्टरने आणि मळणीयंत्राने पुष्कळशी उचलली. तथापि ताट मात्र बैलजोडीच्या काळातलेच राहिले. उलट खुरपणी, कापसाची वेचणी, गुरांचे शेण काढणे, पाणी भरणे ही बाईची कामे आजही बहुतांशी हातानेच होतात. तणनाशकाने खुरपणीचा काही भार हलका केला आहे खरा, परंतु सरी न्‌ सरी ओणव्याने पार करणाऱ्या बाईचे श्रम मध्यम गटात बसविणे धाडसाचे ठरेल. म्हणजे ज्या घरात पथ्याची गरज प्रायः नवऱ्याला असते, त्या घरात बायकोही जोडीने भाकरी कमी करते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या असता हे करते. सर्वांत शेवटी जेवायला बसण्याची तिची रीत पथ्याच्या दिवसांतही सुटत नाही. दोन वेळांपैकी दुसरी वेळ आधीच उरल्यासुरल्यावर भागत असेल, तर तिचे पथ्य पूर्वीपासूनच चालू होते असे म्हणावे लागते.

दुसरी अडचण घड्याळाची. शहरी नोकरदार आपल्या दोन वेळा पक्क्या करू शकतो. शेतकऱ्याच्या वेळा म्हैस, पाण्याची पाळी आणि वीज ठरवितात. पहाटे धारा काढून दूध डेअरीवर घालायचे, मग चहा, नऊच्या सुमारास न्याहारी, दुपारी बांधावर फडक्यात बांधून आणलेली भाकरी आणि रात्री पुन्हा जेवण, हा क्रम दिवसाच्या कामाला धरूनच पडला आहे. कृषिपंपांना तीन फेजची वीज आळीपाळीने रात्री मिळते, तेव्हा मध्यरात्री दारे धरायला गेलेल्या माणसाला, म्हणजे उभ्या पिकात पाणी फिरवीत सऱ्या फोडणाऱ्याला, पहाटे तीन वाजता लागलेली भूक कोणत्या जेवणात धरावी, याचे उत्तर पद्धतीच्या नियमांत सापडत नाही.

असे असूनही पंधरवड्यात काहींचे वजन उतरते, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी चहाला द्यावयास हवे. वाड्यावस्त्यांवर घरी आलेल्याला चहा विचारला जातो आणि नको म्हटले की तो मनात काही धरून आला आहे की काय अशी शंका घेतली जाते. त्यामुळे दिवसात पाच कप सहज होतात. कपामागे दोन लहान चमचे म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर धरली तर पन्नास ग्रॅम साखरेचे दोनशे उष्मांक होतात, दूध वेगळेच. म्हणजे पथ्याने जेवण कमी झाले नाही तरी जवळजवळ एक भाकरी गळते, आणि तीही अशी की जिच्यातून प्रथिने, लोह वा तंतू यांपैकी काहीच मिळत नव्हते. शिवाय पहिल्या आठवड्यातील घट ही बरीचशी पाण्याची असते: यकृतात आणि स्नायूंत साठविलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, आपल्या सुमारे तिप्पट वजनाचे पाणी धरून असते, आणि ती खर्ची पडू लागली की पाणीही निघून जाते. धान्याच्या काट्यावर उभे राहून दीड-दोन किलो उतरल्याची जी खुशी घरात पसरते, ती पूर्वीचे खाणे सुरू होताच चार दिवसांत मावळते, कारण खरी एक किलो चरबी जाण्यासाठी सुमारे ७,७०० उष्मांकांची तूट पडावी लागते. चहातील साखर एकटीच सोडली तरी एवढी तूट पडायला पाच-सहा आठवडे लागतात.

पथ्य आणि उपवास यांची गल्लतही येथे होते. चातुर्मास म्हणजे आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचे चार महिने. त्यांतील सोमवार, एकादशी आणि नवरात्र धरून जेवण टाळणारे जोडपे साबुदाण्याच्या खिचडीवर मात्र हात राखत नाही. साबुदाणा हा कसावा नावाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ पिष्टांश. त्यात प्रथिने नाममात्र, आणि जी काही भर पडते ती शेंगदाण्याच्या कुटाची. त्यापेक्षा भाकरी, मटकीची उसळ, ताक आणि मेथी वा शेपूची भाजी हे साधे ताट पथ्याला अधिक मानवते, हे सांगण्यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज पडू नये.

काळवेळेचा विचार मात्र अटळ आहे. रब्बीचा माल घरात आल्यानंतर आणि पेरणीच्या घाईपूर्वी असा प्रयोग करणे शक्य असते, जरी त्या दिवसांतील उन्हामुळे पाणी आणि मीठ यांत कसूर करता येत नाही. कापूस-सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत मात्र तो करूच नये. उपाशीपोटी औषध फवारू नये, ही कृषी खात्याची जुनी सूचना आहे, आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले तेव्हापासून तिच्याकडे काणाडोळा करणे कोणाला परवडणारे नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने वैद्यांना विचारल्यावाचून जेवण वगळले तर रक्तातील साखर एकाएकी उतरून शिवारातच भोवळ येण्याचा धोका असतो. अशा वेळी बिनसाखरेच्या नियमाला चिकटून न राहता गुळाचा खडा तोंडात टाकावा आणि सोबतच्या माणसाने त्याला एकटे सोडू नये.